शाळेविषयी सावध करणे ही चहाडी नव्हे

डिसेंबर उजाडला की वाकड, पुनावळे, मोशी, वाघोली अशा पुण्याभोवतीच्या नव्या वस्त्यांत नव्या शाळांचे फलक झळकू लागतात. पोहण्याचा तलाव, रोबोटिक्स, घोडेस्वारी आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘सीबीएसई पॅटर्न’. अशा एखाद्या शाळेचे आश्वासन खरे नाही हे आपल्याला ठाऊक आहे आणि आपला मित्र तिथेच मुलीचे नाव घालायला निघाला आहे. त्याला सांगावे की नाही? ‘आपण कशाला वाईटपणा घ्या’ म्हणत गप्प बसणारेच जास्त दिसतात. हे गप्प बसणे मला अगदी चुकीचे वाटते.

पहिला युक्तिवाद असा की पालक शिकलेले आहेत, त्यांचे ते बघतील. पण ते बघणार काय? माहितीपत्रक आणि गुळगुळीत बोलणारा समुपदेशक. सदाशिव पेठेतल्या आईबापांना शाळेची माहिती शेजारी, आत्या, माजी विद्यार्थी अशा दहा तोंडांतून मिळत आली. लातूरहून किंवा अकोल्याहून येऊन हिंजवडीजवळ फ्लॅट घेतलेल्या जोडप्याला तिथे सांगणारे कोणी नसते. असतात ते चार मित्र. तेच गप्प राहिले तर उरतो फक्त फलक.

शिवाय ही फसवणूक पाहून कळणारी नाही. सीबीएसईची पुस्तके कोणतीही शाळा वापरू शकते. पुस्तके वापरल्याने मंडळाची संलग्नता मिळत नाही. पहिली-दुसरीत त्याने काही बिघडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. अडते ते नववीत. मंडळाची नोंदणी नववीत होते आणि ती संलग्न शाळेमार्फतच करावी लागते. मग ऐन वेळी मुलांची नावे कागदोपत्री दुसऱ्याच शाळेत दाखवायची, नाहीतर ‘आपण राज्य मंडळाकडे वळू’ म्हणून पालकांची समजूत काढायची. आठ-नऊ वर्षे भरलेल्या शुल्काचे उत्तर हे!

दुसरा युक्तिवाद मला अधिक प्रामाणिक वाटतो: शाळा नवी आहे, तिला संधी द्या. अवश्य द्यावी. 1880 मध्ये पुण्यातले न्यू इंग्लिश स्कूलही नवेच होते. पण तिथे मुलगा घालणाऱ्याला शिकवणार कोण हे माहीत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला 1874 पासून लोक वाचत होते आणि त्यांनी सरकारी नोकरी सोडली आहे, हेही सर्वांना ठाऊक होते. शाळा नवी असणे हा दोष नाहीच. ‘संलग्नतेसाठी अर्ज केला आहे, अजून मिळालेली नाही’ असे स्पष्ट सांगणाऱ्या नव्या शाळेच्या बाजूने मी उभा राहीन. अर्जाला संलग्नता म्हणून विकणाऱ्या शाळेच्या बाजूने नाही.

हे सरकारचे काम आहे, असेही म्हणतात. आहेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 18 प्रमाणे मान्यतेविना शाळा चालवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतरही ती चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अनधिकृत शाळांच्या याद्याही निघतात. पण यादी निघेपर्यंत अनेकांचा पहिला हप्ता गेलेला असतो.

उद्या शाळेने अब्रुनुकसानीचा दावा लावला तर, ही भीती मात्र खरी असते. पण तो कायदा वाचून पाहावा. 1860 च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम 499 ला दहा अपवाद होते, आणि जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्येही ते आहेत. लोकहितासाठी केलेले खरे विधान हा पहिला. दहावा तर आपल्याच प्रश्नाचे उत्तर आहे: ज्याला सांगितले त्याच्या भल्यासाठी, सद्भावनेने केलेली सावधगिरीची सूचना बदनामी ठरत नाही. अट एवढीच की बोलणे खरे आणि तपासलेले हवे. सोसायटीच्या ग्रुपवर ‘लुटारू शाळा’ असे लिहून टाकणे हे सावध करणे नव्हे. मित्राला म्हणावे, ‘मान्यतेचा आदेश बघायला माग, यू-डायस क्रमांक विचार, संलग्नता क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर घालून बघ, ती कोणत्या इयत्तेपर्यंत आहे तेही पाहा.’ शाळा खरी असेल तर या प्रश्नांनी तिचे काहीच बिघडत नाही.

आता सर्वांत जड आक्षेप. ज्यांना आतले ठाऊक असते, त्यांचीच मुले त्या शाळेत असतात. बोललो तर राग मुलावर निघेल, असे एखादी आई म्हणते तेव्हा तिला भित्री म्हणण्याचा अधिकार मला नाही. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही आणि मानसिक छळाला कायद्याने बंदी आहे. पण स्नेहसंमेलनातून नाव गाळणे, वर्गात रोज टोमणे मारणे यांविरुद्ध कलम घेऊन कुठे जायचे? म्हणून तिने सभेत उभे राहावे असा माझा आग्रह नाही. तिने मैत्रिणीला एकांतात सांगावे. उघडपणे विचारण्याचे काम ज्यांचे मूल तिथे नाही त्या आपण करावे. आपल्याला गमावण्यासारखे काहीच नसते, आणि तरीही आपणच गप्प असतो, याचे मला वाईट वाटते.

राहिला मित्राचा रुसवा. त्याने पैसे भरले असतील तर तो चिडेल, ‘तुला आमचे बरे बघवत नाही’ असेही म्हणेल. तरी सांगावे. भरलेले शुल्क परत मिळो न मिळो, तिसरीतल्या मुलीची शाळा बदलणे जड गेले तरी जमते. नववी उलटल्यावर मंडळाच्या परवानगीशिवाय दहावीत दुसरीकडे थेट प्रवेशही मिळत नाही.