केपटाऊनला जावे, पण ‘तिकडे काही होत नाही’ म्हणून नव्हे

दक्षिण आफ्रिकेची सहल ठरत असली की घरातले कोणीतरी हमखास विचारते, ‘केपटाऊन सेफ आहे ना? तिथे टोळीयुद्ध चालते म्हणतात.’ त्यावर सहल कंपनीच्या माणसाकडून किंवा आधी जाऊन आलेल्या नातेवाइकाकडून ठरलेले उत्तर मिळते: ‘ते सगळे वस्त्यांमध्ये. टुरिस्ट एरियात काही होत नाही.’ उत्तर बव्हंशी खरे आहे. टेबल माउंटनच्या केबल कारमध्ये, वॉटरफ्रंटवर, रॉबेन बेटाच्या बोटीत किंवा न्यूलँड्सच्या मैदानावर टोळ्यांच्या गोळीबारात सापडण्याची शक्यता फारच कमी. तरीही एवढ्याच उत्तरावर विसंबून तिकीट काढणे मला अपुरे वाटते, आणि बातम्या वाचून काढलेले तिकीट रद्द करणे त्याहूनही अपुरे. केपटाऊनला जावे, असे माझे मत आहे. मात्र पर्यटकांचे केपटाऊन इतके निवांत आणि तिथून तासाभराच्या आत पोहोचता येणारे दुसरे केपटाऊन इतके रक्तबंबाळ का, हे समजून घेऊन जावे. पाहुण्यांची सुरक्षितता आणि तिथल्या लाखो रहिवाशांची असुरक्षितता एकाच नगररचनेतून निघाल्या आहेत.

भीतीची सुरुवात आकड्यांपासून होते, म्हणून आधी तेच पाहू. २०२३-२४ या वर्षात दक्षिण आफ्रिकेत २७,६२१ खून झाले. भारतात २०२२ साली २८,५२२ झाले. संख्या जवळपास सारखी, पण त्यांची लोकसंख्या ६ कोटींच्या थोडी वर आणि आपली १४० कोटी. भारतात दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण २ खून होतात. केपटाऊन शहरात गेली काही वर्षे हे प्रमाण ६० च्या वर आहे. एवढे वाचून कोणालाही सहल नकोशी वाटेल. पण शहराची सरासरी इथे दिशाभूल करते. २०१७-१८ मध्ये न्यांगा या एकट्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत ३०८ खून नोंदले गेले, देशातल्या कुठल्याही ठाण्यापेक्षा जास्त. न्यांगा, डेल्फ्ट, फिलिपी, खायेलित्शा ही नावे खुनांच्या आकडेवारीत पुन्हा पुन्हा वर येतात. मॅननबर्ग आणि हॅनोवर पार्क ही नावे टोळ्यांच्या बातम्यांत. सी पॉइंट किंवा कॅम्प्स बे या समुद्राकाठच्या उपनगरांची नावे त्यांत सहसा दिसत नाहीत. सगळेच खून टोळ्या करतात असेही नाही. दारूच्या अड्ड्यावरची भांडणे, मिनीबस टॅक्सींच्या मार्गांवरून होणाऱ्या हाणामाऱ्या, घरातली मारहाण यांतही माणसे मरतात. मरणाऱ्यांत परदेशी पाहुणा क्वचितच असतो, आणि जेव्हा असतो तेव्हा बहुधा रस्ता चुकलेला असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये टॅक्सीचालकांचा संप हिंसक झाला आणि त्यात पाच जण मेले. त्यांपैकी एक ब्रिटिश डॉक्टर होता. विमानतळाजवळून गाडी न्यांगाकडे वळली आणि तिथे कुटुंबासमोर त्याला गोळी घातली गेली. पुढे मोबाइलवरच्या नकाशाने पर्यटकांना असे रस्ते सुचवू नयेत म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला गुगलशी बोलणी करावी लागली.

एका वळणावर शहर बदलते, हा भूगोलाचा अपघात नाही. १९५० च्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्याने कोणत्या वंशाच्या माणसाने कुठे राहायचे ते सरकार ठरवू लागले. डिस्ट्रिक्ट सिक्स ही डोंगराच्या पायथ्याची, बंदराला लागून असलेली जुनी वस्ती. मिश्रवंशीय, आफ्रिकन, यहुदी, भारतीय असे सगळे तिथे दाटीवाटीने राहत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली. पुढच्या दीड दशकात ६० हजारांहून अधिक लोकांना उठवून केप फ्लॅट्स या सपाट, रेताड, वाऱ्याने झोडपलेल्या पट्ट्यात नेऊन टाकले आणि मागे बुलडोझर फिरवला. आज तिथल्या एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय आहे. त्याच्या जमिनीवर वस्तीचा रस्त्या-रस्त्यासह मोठा नकाशा रंगवला आहे आणि परत आलेल्या माणसांनी आपले घर जिथे होते त्या जागी स्वतःच्या हाताने कुटुंबाचे नाव लिहिले आहे. वर रस्त्यांच्या जुन्या पाट्या टांगल्या आहेत. पाडकामातल्या माणसाने फेकून न देता जपून ठेवल्या म्हणून त्या उरल्या. नकाशावरची नावे वाचताना लक्षात येते की एका गल्लीत शेजारी असलेली घरे फ्लॅट्सवर पोहोचताना चार दिशांना पांगली. नातेवाईक, मशीद, चर्च, शाळा, ओळखीचा दुकानदार, कामाची जागा, सगळे तुटले. पोरांवर नजर ठेवणारी गल्लीच राहिली नाही. त्या रिकाम्या जागेत ‘अमेरिकन्स’, ‘हार्ड लिव्हिंग्ज’ यांसारख्या टोळ्या फोफावल्या. गिरणगाव ज्यांना माहीत आहे त्यांना हे समजायला जड जाऊ नये. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले आणि कामगारांच्या चाळींतली काही पोरे टोळ्यांच्या हाती लागली. फरक असा की आपल्याकडे रोजगार गेला, घर बहुतेकांचे राहिले. तिथे घरच काढून घेतले.

आज फ्लॅट्सवर टोळ्यांच्या हद्दी रस्त्यांनी ठरतात. शाळा पलीकडच्या टोळीच्या हद्दीत असेल तर सातवी-आठवीतल्या मुलासाठी रस्ता ओलांडणे हाच धोका. म्हणून काही वस्त्यांत आया आणि आज्या जॅकेट घालून सकाळी चौकाचौकांत उभ्या राहतात आणि मुलांचा घोळका करून त्यांना शाळेपर्यंत चालत नेतात. काही भाग रुग्णवाहिकांसाठी ‘रेड झोन’ ठरले आहेत. तिथून फोन आला की रुग्णवाहिका आधी पोलिसांच्या गाडीची वाट पाहते आणि मगच आत शिरते. प्रसूतीच्या कळा आलेली बाई किंवा छातीत दुखणारा म्हातारा तोवर घरातच. ‘टुरिस्ट एरियात काही होत नाही’ या वाक्यात यातले काहीच येत नाही, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे.

यावर कोणी म्हणेल, हा त्यांच्या देशाचा प्रश्न, त्यांचे सरकार पाहील. सरकारने पाहिले नाही असे नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी हॅनोवर पार्कमध्ये टोळीविरोधी पोलीस पथक सुरू केले, जुलै २०१९ मध्ये फ्लॅट्सवर लष्कर उतरवले. पण यंत्रणा आतूनच पोखरलेली होती. नष्ट करण्यासाठी पोलिसांकडे जमा झालेल्या सुमारे दोन हजार बंदुका एका माजी पोलीस कर्नलने टोळ्यांपर्यंत पोहोचू दिल्या. २०१६ मध्ये त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. तपास अधिकाऱ्यांनी त्या बंदुकांचा संबंध हजाराहून जास्त खुनांशी जोडला. टोळीविरोधी पथकाचे अधिकारी चार्ल किनियर यांना १८ सप्टेंबर २०२० रोजी त्यांच्या घरासमोर गोळ्या घालून मारले गेले. आणि हा सारा ‘त्यांचाच’ प्रश्न आहे असे म्हणताना आपण मँड्रॅक्स या नशेच्या गोळ्या विसरतो. फ्लॅट्सवरच्या टोळ्यांच्या कमाईचा एक जुना आधार म्हणजे या गोळ्यांची विक्री, आणि त्या गोळ्यांचा मोठा पुरवठा अनेक वर्षे भारतातून होत आला. २०१६ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने उदयपूरजवळ मँड्रॅक्सच्या गोळ्यांचा सुमारे २३ टनांचा साठा पकडला, तो जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक होता. आपला पर्यटक तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी आपला माल पोहोचलेला आहे.

मग बहिष्कार का नको? हा आक्षेप गंभीर आहे, आणि भारतीय माणसाच्या तोंडी तो शोभूनही दिसतो. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारतच, १९४६ मध्ये. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आपला पासपोर्ट तिथे जायला चालत नसे. १९७४ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा डेव्हिस चषकाचा अंतिम सामना खेळायला नकार दिला आणि चषकावर पाणी सोडले. तो निर्णय योग्य होता, कारण बहिष्काराची हाक ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांनीच दिली होती, आणि सरकार बदलेपर्यंत बहिष्काराचा भार सोसण्याची तयारीही त्यांनीच दाखवली होती. आज मॅननबर्गच्या आया पर्यटकांना येऊ नका असे सांगत नाहीत. पर्यटक न आल्याने टोळ्यांचे काही बिघडते का, याचे उत्तरही २०२० सालाने दिले. करोनामुळे मार्चपासून ३० सप्टेंबरपर्यंत परदेशी पर्यटक जवळजवळ शून्यावर होते. कडक टाळेबंदीत आणि दारूबंदीत हिंसा घटली आणि निर्बंध सैल होताच परतली. किनियर यांचा खून झाला तेव्हा परदेशी पाहुण्यांसाठी सीमा उघडल्याही नव्हत्या. त्याच काळात हॉटेलांतल्या सफाई कामगारांची, वेटरांची, टॅक्सीचालकांची रोजी मात्र बुडाली. टोळीचा म्होरक्या पर्यटकांवर जगत नाही. त्याच्या शेजारची, पोराला टोळीपासून दूर ठेवण्यासाठी धडपडणारी बाई जगते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: पैसा खरेच त्या बाईपर्यंत पोहोचतो का? सगळा नाही, आणि हे मान्य केले पाहिजे. हॉटेल साखळीचा नफा फ्लॅट्सवर जात नाही. रात्री चालणाऱ्या बार-क्लबांकडून टोळ्या खंडणी वसूल करतात, त्यामुळे पर्यटकाचे काही पैसे थेट त्यांच्याच खिशात जातात. पण मजुरी पोहोचते, आणि ज्या देशात काम करू इच्छिणाऱ्या तिघांपैकी जवळजवळ एकाला काम मिळत नाही तिथे एका पगारावर किती जण जेवत असतील याचा विचार करावा. खोली झाडणारी बाई पहाटे अंधारात घराबाहेर पडते. मिचेल्स प्लेन आणि खायेलित्शाहून शहरात येणारी लोकल २०१९ मध्ये बंद पडली आणि सुरळीत व्हायला वर्षे लागली. तोवर तिने दुप्पट-तिप्पट भाडे भरून मिनीबसने नोकरी टिकवली. म्हणून पैसे कुठे खर्च करतो हे महत्त्वाचे. छोटे गेस्ट हाउस, स्थानिक माणसाने चालवलेली खाणावळ, तिथल्याच वस्तीतला परवानाधारक मार्गदर्शक, टिप रोख आणि हातात. आणि अमली पदार्थाची एक पुडी विकत घेणारा पर्यटक मात्र गेलाच नसता तर बरे झाले असते, कारण तो थेट बंदुकीच्या गोळ्यांचे पैसे भरतो.

मग वस्त्या ‘बघायला’ जावे का? वातानुकूलित बसच्या काचेतून पत्र्याच्या खोल्यांचे फोटो काढणाऱ्या सहलींचा मला मनापासून तिटकारा आहे. टोळ्यांच्या नावाने थरार विकणाऱ्या सहलींचा त्याहून जास्त. कोलंबियातल्या मेडेयीन शहराने पाब्लो एस्कोबारची इमारत २०१९ मध्ये पाडून तिथे बळींचे स्मारक उभारले ते याच कारणाने: लोक गुन्हेगाराचे घर पाहायला येत होते आणि मेलेल्यांची कोणाला आठवण नव्हती. मॅननबर्गमध्ये हौसेने जाणे हा रहिवाशांना उपद्रव आहे आणि स्वतःलाही धोका. पण १९२७ साली वसलेल्या लांगासारख्या वस्तीत तिथलाच माणूस पायी फिरवतो, गुगा स्तेबे या कला केंद्रात मातीकाम आणि मण्यांची कामे करणारे भेटतात, त्यांच्याकडून काही विकत घेता येते. यजमान कोण आहे आणि पैसे कोणाला मिळतात यावरून या दोन प्रकारांतला फरक ठरतो.

जाऊ नये असे ज्यांना वाटते त्यांच्यातल्या काहींचे म्हणणे मला पूर्ण पटते. सोबत थकलेले आईवडील असतील, लहान मूल असेल, सतत सावध राहण्याच्या ताणाने सुट्टीच नकोशी होणार असेल, तर दुसरे ठिकाण निवडावे. त्यात काही चुकीचे नाही. फक्त तो आपल्या सोयीचा निर्णय आहे, केपटाऊनला दिलेली शिक्षा नव्हे, एवढे ध्यानात असावे. जे जातील त्यांनी विमान शक्यतो दिवसा उतरेल असे पाहावे. विमानतळावरून एन-२ महामार्गाने थेट शहरात यावे, भाड्याची गाडी घेतली तर जवळचा रस्ता शोधू नये, टॅक्सी संपाच्या बातम्या निघण्यापूर्वी पाहाव्यात, रात्री पायी फिरू नये. आणि मराठी सहल कंपन्यांकडे एक मागणी आहे. केपटाऊनच्या तीन दिवसांच्या कार्यक्रमात पेंग्विन आणि वाइन असतातच. पहिल्या सकाळी दोन तास डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयासाठी काढावेत, आणि तिथे मार्गदर्शन शक्यतो त्या वस्तीतून उठवल्या गेलेल्या घरातल्याच माणसाने करावे. असे लोक संग्रहालयात भेटतात आणि प्रश्नांची उत्तरेही देतात. दुपारी टेबल माउंटनवर गेल्यावर डोंगराच्या मागचा, विमानतळाच्या दिशेने पसरलेला राखाडी सपाट पट्टा कोणता, हे मग गटातल्या कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही.