माया नाही, की माया कळत नाही?

पोलादपूरच्या डोंगराकडील एका वाडीतून एक आजी आपल्या बारा वर्षांच्या नातवाला घेऊन महाडला माझ्याकडे आल्या. मुलाला स्वमग्नता असल्याचे निदान पूर्वीच झालेले. तक्रार साध्या खोकल्याची होती, पण उठता उठता त्या म्हणाल्या, “डॉक्टर, याचे आजोबा गेले तेव्हा घरात रडारड चालली होती, आणि हा कोपऱ्यात बसून डब्याचं झाकण फिरवत होता. भावकी म्हणते, याला माया नाही. खरं असेल का हो?”

मी विचारले, “त्यानंतर त्याच्या वागण्यात काही बदल झाला का?” त्या थोड्या थांबल्या. “रात्री आठ वाजले की माझी प्रेशरची गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढं आणून ठेवतो. आधी हे आजोबा करायचे.”

उत्तर त्यांनीच दिले होते.

‘स्वमग्न’ या शब्दामुळेच आपली दिशाभूल होते. स्वतःत बुडालेला, म्हणून दुसऱ्याचे दुःख न जाणणारा, असा अर्थ आपण लावतो. वस्तुतः दुसऱ्याची भावना चेहऱ्यावरून ओळखणे आणि ती मनाला भिडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वमग्न व्यक्तींपैकी अनेकांना पहिली अवघड जाते. दुसरी त्यांच्यात नसते, असे मुळीच नाही. काहींना तर भावनेचा लोंढा इतका असह्य होतो की ते त्यापासून दूर जातात.

ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. 2012 मध्ये त्यांनी मांडले की ही अडचण दुहेरी आहे: त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. 2020 मध्ये एडिंबरा येथील संशोधकांनी आठ-आठ प्रौढांच्या साखळीतून एक गोष्ट कर्णोपकर्णी पुढे पाठवली. स्वमग्न व्यक्तींची साखळी इतरांच्या साखळीइतकीच नेमकी ठरली. मिश्र साखळीत मात्र तपशील अधिक गळाले. पुढील मोठ्या प्रयोगात मिश्र साखळीचा हा तोटा दिसला नाही. पण स्वमग्न व्यक्ती आपसांत संवाद साधण्यात उण्या नाहीत, हा निष्कर्ष टिकला.

मग समजून घेण्याचे सारे ओझे त्या मुलानेच का वाहावे? मीही पूर्वी अशा मुलांना “माझ्या डोळ्यांत बघ” म्हणून दरडावले आहे. नजर चुकवूनच काही जण अधिक नीट ऐकतात, हे मला उशिरा उमगले.

घरच्यांनी एवढे करावे. आडून बोलू नये, “मला वाईट वाटतेय, जवळ बस” असे सरळ सांगावे. उत्तरासाठी थोडा वेळ द्यावा. बेतात बदल असल्यास आधी कल्पना द्यावी. वीरेश्वराच्या छबिन्यात ढोलांचा गजर सुरू होताच मूल कान झाकू लागले, तर ती अश्रद्धा किंवा हट्ट समजू नये. त्याला शांत जागी न्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे; म्हणून प्रमाणपत्र व सवलतींची चौकशी अवश्य करावी. परंतु शेजारपाजारचा आणि भावकीचा समजूतदारपणा कोणत्याही प्रमाणपत्राने मिळत नाही.

मी आजींना म्हटले, “आज रात्री गोळी घेताना त्याला सांगा, ‘तू आठवणीनं देतोस, मला बरं वाटतं.’ तो वर बघेलच असे नाही. तरी सांगा.”