टप उघडतो, पण आजी कुठे बसणार?

आमच्या घरी सध्या एकच वाद आहे: काकांची प्रीमियर पद्मिनी काढून दादाने कापडी टपाची सेकंडहँड थार घ्यावी की नाही? मी कॉमर्सचा, म्हणून हिशेब माझ्या गळ्यात.

हिशेबात पद्मिनी हरते. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पंधरा वर्षांवरील मोटारीची नोंदणी-नूतनीकरण फी २०२२ साली ६०० वरून ५००० रुपये झाली. वीस वर्षांवरील गाडीला २०२५ साली त्याच्याही दुप्पट. मुंबईत तर तिची शेवटची टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून उतरली. उलट २०२० च्या थारला एअरबॅगा आहेत, धडकेच्या चाचणीत चार तारेही मिळाले. इथपर्यंत मी दादाच्या बाजूचा. काकांना हे रुचणार नाही, पण खरे ते खरे.

पण घरात माणसे सहा! पद्मिनीत गिअरची दांडी स्टिअरिंगलाच, म्हणून पुढची सीट सलग. दाटीवाटीने का होईना, सगळे मावतो. चार दारे असल्याने आजी कुणाचा हात न धरता बसते-उतरते. थारमध्ये दारे दोन, जागा चार. मागे जायचे तर पुढची सीट वाकवून वर चढा. शिवाय बेळगावच्या आषाढ-श्रावणात तो टप उघडणार कधी? उन्हाळ्यात धूळ कोण खाणार? दादा म्हणतो, चोर्ला घाटात मजा बघ. मजा खरी, पण वर्षातून दोनदा.

माझे मत असे की पद्मिनी खुशाल विकावी, पण घ्यावी ती चार दारांची, एअरबॅगवाली सेडानच, आणि आजीला आधी शोरूममध्ये नेऊन बसवून पाहावे. तसा तक्ता मी काकांना दिला आहे. दादा दोन दिवस माझ्याशी बोललेला नाही.