त्वचारोगांची नावे : पाठांतर नको, फोड हवी

एपिडर्मिस, डर्माटायटिस, ल्युकोडर्मा असे शब्द पुस्तकात आले की तुमच्यापैकी बहुतेक जण ते मंत्रासारखे घोकतात आणि परीक्षा संपली की विसरतात. दोष तुमचा नाही. हे शब्द फोडून दाखवण्याची चालच आपल्या वर्गांत नाही. मी पदार्थविज्ञान शिकवतो, तरी या विषयात तोंड घालतो आहे. कारण शब्द न फोडल्याने नुसते गुण जात नाहीत, माणसांची आयुष्ये नासतात.

‘डर्मा’ म्हणजे ग्रीक भाषेत कातडी. मूळ धातूचा अर्थ सोलणे. संस्कृतातील ‘दृ’ म्हणजे फाडणे, हा त्याचाच भाऊबंद. आपला ‘विदीर्ण’ त्यातूनच आला. ‘एपि’ म्हणजे वर, ‘हायपो’ म्हणजे खाली. हा ‘हायपो’ आणि आपला ‘उप’ मुळात एकच. म्हणून कातडीखाली टोचायची सुई हायपोडर्मिक. ‘एरिथ्रोस’ म्हणजे तांबडा. त्याच्या शेजारी ‘रुधिर’ ठेवून पाहा, म्हणजे त्वचा लाल होण्याला एरिथेमा का म्हणतात हे वेगळे सांगावे लागणार नाही. केसांना चाई लागते त्या रोगाचे नाव अ‍ॅलोपेशिया. ते ‘अ‍ॅलोपेक्स’वरून, म्हणजे कोल्ह्यावरून पडले, खरजेने कोल्ह्याचे केस झडतात ना! (आपणही काही कमी नाही. नायट्यासाठी आपण थेट हत्तीचा कान धरला आणि ‘गजकर्ण’ म्हटले.)

आता ‘ल्युकोडर्मा’ फोडा. ‘ल्युकोस’ म्हणजे पांढरा. पांढरी कातडी, एवढाच अर्थ. त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य असते; ‘मेलास’ म्हणजे काळा. ते प्रकाश शोषून घेते. ते नसले की आत शिरलेला प्रकाश त्वचेतील तंतूंवर विखुरतो आणि बराचसा परत बाहेर येतो, म्हणून तो भाग पांढरा दिसतो. मिठाचा स्वच्छ खडा पारदर्शक, पण त्याचीच पूड पांढरी दिसते, तसाच हा प्रकार. पांढऱ्या डागांचा जो नेहमी आढळणारा विकार आहे, त्यात शरीराची संरक्षणयंत्रणाच रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. तो स्पर्शाने पसरत नाही, आणि दुधाबरोबर मासे खाल्ल्याने तर मुळीच होत नाही.

मराठीत मात्र आपण याला ‘कोड’ म्हणतो, आणि घोटाळा तिथेच आहे. ‘कोड’ हा ‘कुष्ठ’ या शब्दाचाच घासून झालेला अवतार. हिंदीत ‘कोढ’ म्हणजे महारोग. त्यात भर म्हणून औषधांच्या जाहिराती ‘श्वेतकुष्ठ’ असे मोठ्या अक्षरांत छापतात. महारोग हा जंतूंमुळे होतो. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी तो जंतू शोधला. त्या रोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, खडूसारखा पांढराशुभ्र नसतो, आणि बहुधा तिथली संवेदना गेलेली असते. तो रोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो. दोन विकारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी ठरलेले लग्न मोडायला एक शब्द पुरतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांना २००६ मध्ये ‘नितळ’ हा चित्रपट याच विषयावर काढावा लागला, तो उगाच नाही.

गंमत अशी, की जुन्यांनी हा फरक ओळखला होता. चरकसंहितेत पांढऱ्या डागांना ‘श्वित्र’ हे वेगळे नाव आहे. त्याचा ‘श्वेत’शी संबंध तुम्हांला दिसतोच. जुन्या जालन्यासारख्या, निजामी अमलात राहिलेल्या गावांना युनानी वैद्यक परके नाही. ‘युनानी’ म्हणजे ग्रीकच. त्या वैद्यकात पांढऱ्या डागांना ‘बरस’ आणि महारोगाला ‘जुजाम’ म्हणतात. तुमच्या वर्गातील उर्दू जाणणाऱ्या मित्राला विचारून पाहा. म्हणजे संस्कृत, युनानी आणि आधुनिक वैद्यक या तिघांकडे स्वच्छ शब्द असताना आपण नेमका गढूळ शब्द उचलला.

ग्रीक म्हणून प्रत्येक शब्द सोवळा, असेही मी म्हणत नाही. ‘लेप्रा’ म्हणजे खवलेदार. ग्रीक वैद्य हा शब्द खपल्या धरणाऱ्या भलत्याच त्वचारोगांसाठी वापरीत. पुढे तो महारोगाला चिकटला आणि धर्मग्रंथांतील ‘अशुद्ध’ हा शिक्का बरोबर घेऊन आला. फुलपाखरांच्या ‘लेपिडॉप्टेरा’ या नावातही तेच खवले आहेत. तिथे त्यांनी कुणाचे काही बिघडवले नाही!

शिक्षकांना माझी एक मागणी आहे. त्वचेचा धडा शिकवताना दहा मिनिटे काढून फळ्यावर हे शब्द फोडा. आणि ‘कोड’ हा शब्द वर्गात आला, तर खोडून तिथे ‘पांढरे डाग’ लिहा. त्या बाकांवर बसलेल्या एखाद्या मुलीच्या हातावर ते असू शकतात.