पातेल्यातला दगड

सकाळी चहाचे आधण ठेवायला पातेले घ्यावे, तर तळाशी पांढरट थर! आदल्या दिवशीच घासून ठेवलेले असते, तरी हाताला खरखरीत लागते. पुण्या-मुंबईहून लग्न होऊन रायपूरला आलेल्या मुलीला हा अनुभव पहिल्याच महिन्यात येऊ शकतो. आपल्याला भांडी नीट घासता येत नाहीत की काय, अशी शंका तिला येते. मग तात्यापाऱ्यातल्या एखाद्या जुन्या मराठी घरातली सासू समजावते, ‘‘अगं, तो मळ नव्हे. बोअरच्या पाण्याचा क्षार आहे तो. डाळ शिजवायला नळाचंच पाणी घेत जा.’’

सासूबाईंचा सल्ला शास्त्राला धरून आहे. रायपूरचा परिसर चुनखडीच्या खडकावर वसलेला आहे. तिल्दा, भाटापारा, बलौदाबाजार या भागांत सिमेंटचे कारखाने उभे राहिले, ते याच चुनखडीमुळे. नळाला खारून नदीचे पाणी येते; बोअरचे पाणी मात्र खडकाच्या फटींतून झिरपून आलेले असते.

चुनखडी म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट. शुद्ध पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाही. पण पावसाचे पाणी जमिनीत मुरताना झाडांच्या मुळांनी आणि सूक्ष्म जीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू बरोबर घेते. असे किंचित आम्लधर्मी झालेले पाणी चुनखडीवर क्रिया करते आणि कॅल्शिअम बायकार्बोनेट तयार होते. ते पाण्यात सहज विरघळते. दगड पाण्यात उतरतो, तरी पाणी दिसायला काचेसारखे स्वच्छ!

हेच पाणी आपण उकळतो, तेव्हा सारे उलट घडते. वायू निघून जातो, बायकार्बोनेटचे पुन्हा कार्बोनेट बनते आणि ते न विरघळता तळाशी बसते. विरघळलेल्या पदार्थांपासून असा घन पदार्थ बनून वेगळा होणे, यालाच रसायनशास्त्रात अवक्षेपण म्हणतात. वायू वाढला की दगड विरघळतो, वायू कमी झाला की तो परत येतो. क्रिया एकच, दिशा मात्र दोन.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहता येते. चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला की ती दुधाळ होते. वायू सोडतच राहिले की पुन्हा स्वच्छ होते. ते पाणी तापवले की परत गढूळ!

रासायनिक क्रिया एकाच दिशेने चालते, अशी एके काळी रसायनशास्त्रज्ञांची समजूत होती. नेपोलियनबरोबर १७९८ साली इजिप्तला गेलेल्या बर्तोले या फ्रेंच शास्त्रज्ञाला तेथील खाऱ्या सरोवरांच्या काठी धुण्याच्या सोड्याचे थर दिसले. मीठ आणि चुनखडी यांच्यापासून सोडा बनला होता. प्रयोगशाळेत तर नेमके याच्या उलट घडत असे! पदार्थांचे प्रमाण बदलले की क्रियेची दिशाही बदलू शकते, हा विचार त्याने १८०३ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला.

गृहिणीला या ज्ञानाचा रोजच उपयोग आहे. दुष्फेन पाण्यात साबणाला फेस कमी येतो आणि डाळ शिजायला वेळ लागतो. गीझरच्या कॉइलवर थर साचला की उष्णता पाण्यात नीट पोहोचत नाही. वीज जास्त जळते आणि कॉइल लवकर खराब होते. पाणी उकळून, गार करून वरचे निवळ घेतले, तर बायकार्बोनेटमुळे आलेला दुष्फेनपणा जातो. सल्फेट किंवा क्लोराइडमुळे आलेला मात्र उकळून जात नाही. स्टीलच्या भांड्यातला थर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून थोडा वेळ ठेवला की बुडबुडे येऊन सुटतो. ओटा संगमरवरी असेल, तर त्यावर हे सांडू देऊ नये. संगमरवरही कॅल्शिअम कार्बोनेटच! बाथरूमसाठी आणलेले तीव्र अ‍ॅसिड भांड्यांना कधीही लावू नये, आणि ब्लीचिंग पावडरमध्ये तर ते मुळीच मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पातेल्यात जे काही मिनिटांत घडते, तेच बस्तरमध्ये हजारो वर्षे चालले आहे. जगदलपूरजवळच्या कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानात कुटुमसरची गुहा आहे. तिच्या छतातून झिरपणारा थेंब गुहेच्या हवेत आपला वायू सोडतो आणि चुनखडीचा सूक्ष्म कण मागे ठेवतो. अशा कणाकणाने तेथे लवणस्तंभ घडले आहेत. त्यांची वाढ साधारणपणे वर्षाला एक मिलिमीटरही होत नाही. हाताचा तेलकटपणा लागला तर तीही खुंटू शकते.

म्हणून सुटीत मुलांना गुहा दाखवायला नेले, तर लवणस्तंभांना हात लावू देऊ नये, तुकडा तर मोडू देऊच नये. पातेल्यातला थर घासून काढला तरी आठवड्यात पुन्हा येतो. गुहेतला बोटभर तुकडा भरून यायला मात्र कित्येक पिढ्या जाव्या लागतात.