विश्लेषण : फ्लूनंतरचा आठवडा हृदयासाठी धोक्याचा का?

पावसाळा लागला की दवाखान्यांत ताप-खोकल्याची रांग लागते. ‘व्हायरल आहे, चार दिवसांत उतरेल’ हे बहुतेकांच्या बाबतीत खरेही ठरते. मात्र मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी त्यावर विसंबून राहू नये.

याबाबत कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील संशोधन महत्त्वाचे आहे. ते २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सहापट आढळले. यात प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याच इतर दिवसांशी केली होती. त्यामुळे ‘तो सिगारेट ओढत असेल’ ही पळवाट उरत नाही. सातव्या दिवसानंतर मात्र ही वाढ दिसली नाही.

नेमके काय होते?

विषाणू श्वसनमार्गात असला तरी त्याच्याशी लढताना शरीरभर दाह निर्माण होतो. रक्तवाहिनीत वर्षानुवर्षे साठलेला चरबीचा थर अशा वेळी फुटू शकतो. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असतेच, त्यामुळे तिथे गुठळी होऊन वाहिनी बंद पडते. शिवाय तापात ठोके वाढतात, हृदयाला जास्त प्राणवायू लागतो आणि न्यूमोनिया झालेली फुफ्फुसे तो पुरवू शकत नाहीत. क्वचित हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. हे धडधाकट तरुणांतही घडते. त्यात नाक मोकळे करणाऱ्या गोळ्यांतील फेनिलेफ्रिनसारख्या औषधाने रक्तदाब वाढू शकतो, तरी अशा गोळ्या आपण बिनदिक्कत मागून घेतो.

लशीचे काय?

झटक्यानंतर लगेच फ्लूची लस दिल्यास काय होते, हे आठ देशांतील अडीच हजारांहून अधिक रुग्णांवर तपासले गेले; त्यात बांगलादेशही होता. वर्षभरात लस घेतलेल्यांपैकी २.९ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ४.९ टक्के रुग्ण दगावले. तरीही आपल्याकडे अँजिओप्लास्टीनंतर घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती गोळ्यांची लांबलचक यादी पडते, लशीचा उल्लेख अनेकदा नसतो. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. ती बहुतेकांना पदरमोड करूनच घ्यावी लागते. निदान हृदयरुग्णांना तरी ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळायला हवी. लस दरवर्षी घ्यावी लागते, तीही शक्यतो साथीच्या आधी.

तापात छातीत दाब जाणवला, जबडा किंवा हात दुखू लागला, जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून झोपून राहू नका. त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या.