मोबाईलवर इंग्रजी साहित्य शिकताना

बीए इंग्रजी ऑनलाइन करताय? मग मूळ पुस्तक न उघडता नुसते सारांशाचे व्हिडिओ बघणं आधी बंद करा. त्यातून गोष्ट कळते, पण परीक्षेत उतारा देऊन 'संदर्भासह स्पष्टीकरण करा' म्हटलं की पेन अडतो.

शिवाय प्रत्येक साहित्यप्रकार वाचायची रीत वेगळी. नाटक रंगमंचासाठी लिहिलेलं असतं, म्हणून शेक्सपिअरचा प्रवेश मोठ्याने वाचा. घरचे हसले तर हसू देत! त्याचं सॉनेट 14 ओळींचं. शेवटच्या दोन ओळींचं यमक जुळतं आणि बरेचदा सगळ्या कवितेचा अर्थ तिथे उलगडतो. तिथे पोहोचलात की पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा.

कादंबरीची जाडी बघून घाबरू नका. डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' 1860-61 मध्ये साप्ताहिकात क्रमशः छापून आली होती. आपण मालिकेच्या पुढच्या भागासाठी थांबतो, तसेच तेव्हाचे वाचक थांबायचे. मग तुम्हीही रोज एखादं प्रकरणच वाचा की! प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ती मोफत आहे आणि भाजी निवडताना ऐकायची असेल तर लिब्रिवॉक्सवर.

प्रकरण संपलं की काय वाटलं ते वहीत दोन ओळींत लिहा, अगदी मराठीत लिहिलं तरी चालेल. तयार नोट्स त्यानंतर उघडा.